वारा आहे, यंत्र आहे, पासवर्ड नाही: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पॅनेल, ड्राइव्ह आणि मोटारींची दुरुस्ती करतो. अधूनमधून पवनचक्कीचं काम येतं. ठाणगावकडून पट्टा किल्ल्याच्या बाजूला वर गेलं की डोंगरमाथ्यावर त्या दिसतात, तसल्याच. मी सांगतोय ती मशीन मात्र जिल्ह्याबाहेरची आहे. नेमकी कुठली ते लिहीत नाही. मालकाला अजून त्याच कंपनीच्या दारात जायचं आहे.

गेल्या आषाढात तिचा एन्कोडर गेला. जनरेटरच्या शाफ्टच्या टोकाला चहाच्या कपाएवढी ही वस्तू असते, रोटर, म्हणजे जनरेटरचा फिरणारा भाग, या क्षणी कुठे आहे ते सांगणारी. नवा एन्कोडर त्याच संध्याकाळी बसवला. स्लिप रिंग, म्हणजे फिरत्या रोटरला वीज पोचवणाऱ्या कड्या, त्यांच्याजवळच्या कार्बनच्या भुकटीने आमचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. पण एन्कोडरचा शून्य आणि रोटरच्या वाइंडिंगचा अक्ष यांत किती अंशांचा फरक आहे, तो आकडा कंट्रोलरमध्ये भरावा लागतो. चुकला तर करंट भलत्याच कोनात सोडला जातो आणि कन्व्हर्टर, म्हणजे रोटरला हव्या त्या हर्ट्झचा करंट देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, ओव्हरकरंटवर ट्रिप होतो. त्या एका आकड्याच्या पानाला पासवर्ड होता. तो कंपनीकडे, आणि कंपनीचा माणूस परराज्यात. वर्षातला सगळ्यात चांगला वारा सुटलेला, आणि मशीन पाती वाऱ्याला कडेने लावून 19 दिवस उभी.

साहेब, तुमच्यासमोरच्या फायलीत मेगावॅट असतात. राज्यात पवनऊर्जा 5 हजार मेगावॅटच्या वर गेली, हे खरंच. पण त्या मेगावॅटची लगाम कन्व्हर्टरच्या हातात असते.

जुन्या मशीनमध्ये साधा इंडक्शन जनरेटर असायचा, थेट ग्रिडला जोडलेला. वेग जवळपास ठरलेला. चुंबकत्वासाठी लागणारी रिॲक्टिव्ह पॉवर तो ग्रिडकडूनच ओढायचा, म्हणून शेजारी कपॅसिटरच्या पेट्या. नंतरच्या बऱ्याच मशीनमध्ये स्टेटर, म्हणजे जनरेटरचा स्थिर भाग, थेट ग्रिडला आणि रोटर स्लिप रिंगमधून कन्व्हर्टरला जोडलेला असतो. मिनिटाला 1500 फेऱ्यांचं मशीन वारा कमी म्हणून 1350 वर फिरत असेल, तर कन्व्हर्टर रोटरला 5 हर्ट्झचा करंट देतो आणि स्टेटरमधून 50 हर्ट्झच निघतो. मशीनच्या क्षमतेच्या साधारण 25 ते 30 टक्क्यांचा कन्व्हर्टर पुरतो. कंट्रोलर त्या करंटचे दोन भाग करून वेगवेगळे आवळतो, एक टॉर्कसाठी आणि दुसरा रिॲक्टिव्ह पॉवरसाठी. मला विचाराल तर या धंद्यातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

आणि सगळ्यात नाजूकही. पावसात कुठे लाइनवर फॉल्ट झाला, व्होल्टेज बसलं, की रोटरमध्ये करंटचा लोंढा येतो. कन्व्हर्टर वाचवायला क्रोबार नावाचं संरक्षक सर्किट रोटर शॉर्ट करतं. तेवढा वेळ तीच महागडी मशीन जुन्या मशीनसारखी वागते, म्हणजे व्होल्टेजला आधार द्यायच्या वेळी उलट रिॲक्टिव्ह पॉवर ओढते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम सांगतो की व्होल्टेज 15 टक्क्यांवर आलं तरी 0.3 सेकंद ग्रिड सोडायचं नाही. क्रोबार कधी लागतो, कधी सुटतो आणि त्यानंतर कंट्रोलर किती लवकर सावरतो, यावर ते ठरतं. हे सगळं सेटिंगमध्ये असतं.

आता 2023 च्या केंद्रीय धोरणानुसार 2 मेगावॅटपेक्षा लहान जुन्या पवनचक्क्या उतरवून नव्या बसवता येतात. जागा जुन्याच, वारा ओळखीचा. राज्य त्यासाठी परवानग्या देईल तेव्हा एक अट घाला: वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीला लागणारी सेटिंग आणि पासवर्ड मालकाला मिळालेच पाहिजेत, आणि त्यांची सीलबंद प्रत राज्याच्या महाऊर्जा संस्थेकडे राहिली पाहिजे. कंपन्या म्हणतील, हे आमचं गुपित. प्रोग्राम कोणी मागतच नाही. ग्रिड संरक्षणाची सेटिंग मात्र कुलपातच ठेवा, तिला आमच्यासारख्यांचा हात लागू नये, हे माझंही मत आहे. पण एन्कोडरचा कोन हे कसलं गुपित?

दुसरं, माणसं. शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे, सातपूरला आयटीआय आहे. मोटार बांधणारी पोरं इथे पैशाला पासरी मिळतील. कन्व्हर्टर उघडण्याआधी डीसी लिंकच्या, म्हणजे त्याच्या मधल्या डीसी भागातल्या, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायची वाट बघावी लागते, हे माहीत असलेली मोजकी. तिथे हजार-अकराशे व्होल्ट असतात, चूक एकदाच होते. शिकवायला डोंगरावर जायची गरज नाही. एक स्लिप रिंग मोटार, तिला फिरवायला वाऱ्याच्या जागी एक डीसी मोटार, आणि पाठीला पाठ लावलेले दोन छोटे इन्व्हर्टर एवढं पुरे.

क्रेनवरून उतरवलेली 10 एचपीची स्लिप रिंग मोटार माझ्या शेडमध्ये पडून आहे. रिंग मी परवाच घासून बघितल्या, चांगल्या आहेत. आयटीआयने हो म्हटलं तर टेम्पोचं भाडं माझ्याकडे.

आपला,
अंबडमधला एक पॅनेलवाला