सूचना : शनिवारची बैठक, विषय सुचित्रा मटाई

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी 5 वाजता, नेहमीच्या खोलीत, सुचित्रा मटाई यांच्या कलाकृती पडद्यावर पाहायच्या आहेत. त्यांचा जन्म 1973 चा, दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशातला. 1838 ते 1917 या काळात भारतातून तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेल्या, मजुरांच्या त्या वंशज. वापरलेल्या जुन्या साड्या गुंफून त्या भिंतभर कलाकृती घडवतात. जोडीला रंगकाम, भरतकामही असतं. आपल्यातल्या गोधडी शिवणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये.

- नेसून विरलेल्या साडीचा एक तुकडा आणा. नवं कापड नको.
- ती साडी कोणाची, हे थोडक्यात सांगायचं आहे.
- येणं जमत नसेल तर गुरुवारपर्यंत कळवा.