बाळंतपण इथेच, पण तुम्ही दोघं हवेतच

ति. आई-बाबांना सा. न.,

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा बाबांनी खोलीला रंग दिल्याचं सांगितलं आणि मला पुढे बोलवेना. म्हणून लिहितेय. बाळंतपणाला चिपळूणला येत नाही. इथे अंधेरीलाच नाव घातलंय.

माहेर नको झालं असं मनातही आणू नका. आई, तुझा-माझा रक्तगट एकच, निगेटिव्ह, सुहासचा पॉझिटिव्ह. बाळ त्याच्यावर गेलं तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त माझ्या रक्तात मिसळतं आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. पहिलं मूल बहुधा सुटतं, पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशी ती फोडतात. दादा सुखरूप आला, मधल्याचं ते तसं झालं, आणि मी तुझाच रक्तगट घेऊन आले म्हणून वाचले. तुझ्या जिने चढण्याचा, उपासांचा काही संबंध नव्हता गं. इतकी वर्षं मनात ठेवलंस, आता सोड.

माझी कूम्ब्ज चाचणी चांगली आली, म्हणजे रक्तात अजून ती प्रतिपिंडं नाहीत. ती तयार होऊ नयेत म्हणून २८व्या आठवड्यात अँटी-डीचं ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन झालं. जन्मानंतर नाळेतलं रक्त तपासतील. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत दुसरं. शिवाय रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ रात्रीही हॉस्पिटलमध्येच. तारीख जुलैअखेरची, तेव्हा परशुराम घाटाचा भरवसा नाही. इथेही पाणी तुंबतं, पण हॉस्पिटल आपल्याच बाजूला, पूर्वेला आहे. रुळांखालचा सबवे ओलांडायचा नाही.

तुम्ही ५ जुलैपर्यंत या. बाबांची खुर्ची खिडकीपाशी लावलीय, सकाळी ऊन येतं. संडासात धरायला दांडा बसवून घेतलाय. दुपारी दोन तास घरात कुणी बोलणार नाही.

आई, घरी कळा घेताना मला तुझाच हात हवा. कळ आली की तळव्याचा मनगटाजवळचा भाग कमरेखालच्या सपाट हाडावर जोर देऊन धरायचा, चोळायचं नाही. ओसरली की सोडायचा. मोजण्याचं काम बाबांचं: एका कळेच्या सुरुवातीपासून पुढचीच्या सुरुवातीपर्यंत. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर तशाच येत राहिल्या की निघायचं. पाणमोट फुटली, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट बघत बसायचं नाही. पाणी हिरवट दिसलं तर बाळाने आत शी केलीय असं समजायचं आणि एक मिनिटही दवडायचं नाही.

आत एकालाच सोडतात. सुहास जाईल, माझ्याबरोबर वर्गाला येऊन त्याने सगळं शिकून घेतलंय. तुला माझं कण्हणं ऐकवणार नाही, लहानपणी मला ताप आला तरी तूच आधी रडायचीस.

आता दोन गोष्टी आधीच सांगते, रागावू नकोस. बाळाला मध चाटवायचा नाही. मधातल्या एका जंतूमुळे वर्षाआतल्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. गुटीही नको, तासाभरात छातीशी घेऊन पहिला चीकच द्यायचा. आणि शेगडी नको. बंद खोलीत कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. मला शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन ठेवलीय. डिंकाचे लाडू आणि अळीव मात्र तुझ्याच हातचे हवेत, आणि तुझ्या जुन्या सुती साडीची ती गोधडी, कडकडीत वाळवून.

बाबा, प्रेशरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मांडवी एक्स्प्रेसने या, ठाण्याला उतरा, डब्याचा नंबर कळवा. सुहास डब्याशी येईल. बॅगा उचलायच्या नाहीत, हमाल करायचा.

रंगवलेली खोली बंद करून ठेवू नका, वास जाऊ दे. गणपतीला आम्ही तिघं तिथेच झोपणार आहोत.

तुमची,
मनी