थ्रीडी चित्रातला रंग प्रत्यक्ष किचनमध्ये न मिळाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
मॉड्युलर किचन विभाग, पुणे

विषय : मंजूर केलेल्या चित्राप्रमाणे रंग व दिवे नसल्याबाबत

महोदय,

कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटचे किचन आपण दिवाळीच्या आठ दिवस आधी पूर्ण करून दिले. सुतारकामाबद्दल माझी तक्रार नाही. ट्रॉल्या हलक्या सरकतात, शटरमधल्या फटी एकसारख्या आहेत, आणि आलेले दोघे कारागीर रोज जाताना भुसा झाडून ओटा पुसून ठेवत. तक्रार रंगाची आहे. आपल्या डिझायनरने फोनवर ती "तुम्हाला तसं वाटतंय" म्हणून उडवून लावली, म्हणून हे पत्र.

ऑगस्टमध्ये आपण थ्रीडी चित्रे दाखवलीत. ओट्याखालची शटर राखाडीकडे झुकणाऱ्या मंद हिरव्या रंगाची, शेवग्याच्या सुकत आलेल्या पानासारखी. वरची कपाटे सायीच्या रंगाची, डॅडो (ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स) बदामी. आधीच्या घरात लालभडक, चकचकीत शटरसमोर मी सोळा वर्षे स्वयंपाक केला आहे. डोळ्यांना शांत वाटेल असेच किचन हवे, हे मी पहिल्याच भेटीत सांगितले होते. ती चित्रे पाहूनच मी सही केली आणि ३,८५,००० रुपयांचे काम दिले.

प्रत्यक्षात खालची शटर ओल्या सिमेंटसारखी दिसतात. खात्री करावी म्हणून सिंकखालचे एक शटर बिजागरीतून काढून गॅलरीत नेले. सकाळच्या उन्हात तोच हिरवा दिसला! परत जागेवर बसवले आणि तो नाहीसा झाला. त्यामुळे लॅमिनेटचा (शटरवरच्या रंगीत थराचा) नंबर बरोबर आहे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. चूक उजेडात आहे, आणि चित्रातला उजेडही आपणच ठरवला होता.

चित्रात खिडकीतून ओट्यावर तिरपे सोनेरी ऊन पडले आहे. आमची खिडकी उत्तरेला आहे आणि समोर बारा फुटांवर शेजारची इमारत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. आत्ता डिसेंबरात त्या खिडकीतून ऊन येऊच शकत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. आपल्या माणसाने लेझरने खिडकीचे माप घेतले, दिशा मात्र विचारली नाही. सॉफ्टवेअरमध्ये शहर आणि उत्तर दिशा भरली असती तर हा फरक चित्रातच दिसला असता, आणि मी तेव्हाच वेगळी छटा निवडली असती.

दुसरी गोष्ट दिव्यांची. चित्रात वरच्या कपाटांखाली पिवळसर प्रोफाइल लाइट (पट्टीसारखे दिवे) आहेत. कोटेशनमध्ये नुसते "एलईडी प्रोफाइल लाइट" लिहिले, आणि बसवले ते ६५०० केल्विनचे पांढरे (हा आकडा जितका जास्त, तितका उजेड निळसर पांढरा; जितका कमी, तितका पिवळसर). खोक्यावरच तसे छापले आहे. मी ३००० केल्विनचा एक बल्ब आणून ओट्यावर धरून पाहिला. जवळच्या दोन शटरांवर हिरवा रंग परत आला.

लालभडक शटर घरातल्या कुठल्याही नेहमीच्या उजेडात लालच दिसते. मंद छटेत मुळात रंगाचा अंशच थोडा असतो, उजेड जरा बदलला की तो हरवतो आणि राखाडी तेवढा उरतो. हे ग्राहकाला माहीत नसते, आपल्याला माहीत असायला हवे होते. तीन इंची तुकडा आपण शोरूममध्ये पिवळ्या स्पॉटलाइटखाली दाखवलात. मोठा तुकडा दोन दिवस घरी ठेवायला मी मागितला होता, तेव्हा "चित्रात दिसतंय ना, मॅडम" एवढेच उत्तर मिळाले. त्या उत्तराचा मला सर्वांत जास्त राग आहे.

माझी मागणी अशी : सर्व प्रोफाइल लाइट आपल्या खर्चाने ३००० केल्विनचे, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा त्याहून जास्त असलेले बसवावेत. एवढ्याने रात्रीचा प्रश्न सुटेल. दिवसाही शटर राखाडीच दिसली, तर जरा उबदार हिरव्या छटांचे फूटभर तुकडे आमच्या ओट्यापाशी लावून दाखवावेत आणि मी निवडेन त्या लॅमिनेटमध्ये खालची नऊ शटर, एज बँडसह (कडेच्या पट्टीसह), बदलून द्यावीत. राहिलेली दहा टक्के रक्कम काम होताच त्याच दिवशी देईन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल. सही केलेली चित्रे, कोटेशन आणि गॅलरीत व किचनमध्ये काढलेले त्याच शटरचे फोटो सोबत जोडले आहेत.

पाहणीसाठी माणूस दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान पाठवावा. त्या वेळी दिवे न लावता फरक सर्वांत स्पष्ट दिसतो.

आपली,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे