मोठा प्लॅन न घेता आमचं दुकान उघडून देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'दादा'. पण आभार चारचौघांत मानायचे हे आमच्या बचत गटात एकमताने ठरलं. तुम्ही जे करून दाखवलंत ते दुसऱ्या गटांच्याही कामी येईल.

मे महिना म्हणजे आमची वर्षाची कमाई. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, सालांना रसाचं पूट देऊन पुन्हा पुन्हा उन्हात घालायचं, आगळ गाळून भरायचं, आणि पाऊस लागायच्या आत सगळं आवरायचं. मुंबई-पुण्याच्या ऑर्डरीही याच दिवसांत वेबसाइटवर येतात. नेमकं तेव्हाच दुकानाचं पान उघडेना. कधी नुसतं पांढरं, कधी 'क्रिटिकल एरर'. साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंगवाल्यांचं एकच पालुपद: मेमरी कमी पडतेय, मोठा प्लॅन घ्या. त्याची रक्कम ऐकून आमच्या खजिनदार वहिनींचा चेहराच उतरला.

तुम्ही कुडाळहून फोनवर पहिलं वाक्य बोललात ते "घाबरू नका, सगळा जाग्यार आसा." ऑर्डरी आणि पत्ते डेटाबेसमध्ये आहेत, पान उघडलं नाही म्हणून ते जात नाहीत, हे तुम्ही आधी समजावलंत आणि मग बॅकअप घ्यायला लावलात. अर्धं ओझं तिथेच उतरलं.

नंतर आमची साइट ज्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरवर चालते त्याच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डीबग लॉग, म्हणजे बिघाडांची नोंद, चालू केलात, तोही असा की बिघाडांचे संदेश गिऱ्हाइकाला दिसू नयेत, फक्त फाइलीत उतरावेत. त्यातली एक ओळ आमच्या गटातल्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगितलीत: 'अलाउड मेमरी साइज ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड'. एवढा लांबलचक आकडा ऐकूनच आम्ही बिचकलो. तुम्ही तो १०२४ ने दोनदा भागायला लावलात. १२८ एमबी. एका पानाला तेवढीच मुभा होती.

त्याच ओळीच्या शेवटी वर्डप्रेसच्या स्वतःच्या एका फाइलीचं नाव होतं. आम्हाला वाटलं, सापडला चोर. तेव्हा तुम्ही म्हणालात, होडी बुडायला आली की शेवटी चढलेल्याला बोल लावू नये, आधीपासून कोण किती बोजा घेऊन बसलंय ते बघावं. ती फाइल फक्त शेवटची मेमरी मागणारी होती.

मग दुपारच्या शांत वेळी प्लगइन्सच्या, म्हणजे साइटला जोडलेल्या जादा सोयींच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, फोल्डरचं नाव बदललंत, ती सगळी बंद पडली, तशी साइट उघडली. नाव पुन्हा जागेवर आणून एकेक प्लगइन चालू करत दर वेळी दुकानाचं पान उघडून बघितलंत. क्वेरी मॉनिटर नावाचं मोजणारं प्लगइन लावून प्रत्येक पानाला किती मेमरी लागते तेही दाखवलंत. फोटोंच्या गॅलरीचं प्लगइन चालू केलं आणि आकडा एकदम चढला.

त्यामागचं कारण तुम्ही समजावलंत ते आता आम्ही कुणालाही सांगू शकतो. मोबाइलवर काढलेला आमसुलांचा फोटो ४ एमबीचा दिसतो, पण तो दाबून ठेवलेला असतो. लहान करायला उघडला की ४००० गुणिले ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, दर ठिपक्याला साधारण ४ बाइट. झाले ४८ एमबी! वर्डप्रेस २०१९ पासून, ५.३ या आवृत्तीपासून, मोठ्या फोटोची, लांब बाजूला २५६० ठिपके असलेली प्रत आपणहून करून ठेवतं. पण हे प्लगइन ती सोडून मूळ फोटोच उचलत होतं, आणि तेही एकाच वेळी दोन-तीन. १२८ कुठे पुरणार?

तुमचे खरे आभार मानायचे ते पुढच्या गोष्टीसाठी. मर्यादा २५६ केली असती तर साइट तेवढ्यापुरती चालली असती, आणि आम्ही खूशही झालो असतो. तुम्ही ते केलं नाहीत. ही मर्यादा अख्ख्या साइटची नसते, दर मागणीची असते. आठ गिऱ्हाइकं एकदम आली आणि प्रत्येकाला २५६ लागले तर २ जीबी झाले, आणि आपला सर्व्हर एवढा मोठा नाही, असं तुम्ही सांगितलंत. ते प्लगइन काढलंत, वर्डप्रेसचीच साधी गॅलरी लावलीत आणि फोटो आधी लहान करून मगच चढवायला शिकवलंत. मर्यादा होती तेवढीच राहिली. मोठ्या प्लॅनचे पैसे वाचले, ते बरण्यांना लागले.

तुमची नोकरी सांभाळून, रेंज जाईल तेव्हा पुन्हा फोन लावून, तोच प्रश्न आम्ही परत विचारला तरी आवाज न चढवता तुम्ही हे केलंत. आमच्यासारख्या बायकांना 'तुम्हाला नाही कळायचं' हे ऐकायची सवय झालेली असते. तुमच्या तोंडून ते एकदाही आलं नाही. आता नवीन प्लगइन टाकण्याआधी आमची मुलगी बॅकअप घेते, टाकल्यावर मेमरीचा आकडा बघते आणि वहीत लिहून ठेवते.

पैसे घेतले नाहीत. निदान आगळ आणि सोलं तरी नाही म्हणू नका. कुडाळच्या एसटीने पाठवतोय, डेपोत उतरवून घ्या. आणि वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची आवृत्ती पुढच्या हंगामाआधी बदलायला हवी म्हणाला होतात, त्यासाठी दिवाळीनंतर फोन करतो.

आपल्या,
बचत गटातल्या सगळ्या जणी
मालवण तालुका