ईडीटीएच्या बाटलीवर चिठ्ठी लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

प्रोस्टेट या पुरुषांमधील ग्रंथीच्या स्रावातील प्रथिनांचे विश्लेषण अखेर पूर्ण झाले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपल्यासाठी एकच ओळ मिळाली आणि ती मला फारच अपुरी वाटते, म्हणून हे जाहीर पत्र.

आपण आलात तेव्हा माझी आठ जेल, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत मांडणारे थर, वाया गेली होती. नमुना म्हणजे डॉक्टरांनी ग्रंथीला मसाज केल्यावर मिळालेले दुधाळ रंगाचे मोजके थेंब. ते पुन्हा मागायचे तर त्या रुग्णाला पुन्हा अवघडायला लावायचे. बर्फ, थंड सेंट्रिफ्यूज असे सारे सोपस्कार पाळूनही जेलवर ठळक पट्ट्यांऐवजी वरपासून खालपर्यंत निळा फराटाच उमटत असे, म्हणजे प्रथिनांचे तुकडे होत होते. मी बिचाऱ्या बफरला, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाला, दोष देत राहिलो.

आपण ते जेल उजेडासमोर धरलेत आणि एवढेच विचारलेत, "ईडीटीए घालतोस का?" मी मोठ्या अभिमानाने हो म्हणालो, कारण धातूंना बांधून ठेवणारे हे रसायन प्रथिने तुटू नयेत म्हणून घालायचे, हे माझ्या डोक्यात पक्के बसले होते. मग आपण समजावलेत की, या स्रावात जस्त भरपूर असते, पीएसए हे प्रोस्टेटचे प्रथिन स्वतःच इतर प्रथिने कापणारे विकर (एन्झाइम) असून जस्त त्याला दाबून ठेवते, आणि ईडीटीए नेमके ते जस्त बांधून टाकते, पण सेरीन गटातल्या या विकराला मात्र रोखत नाही. म्हणजे राखणदाराला मीच घरी पाठवत होतो! हे मी वाचलेले होते. पिपेट हातात असताना आठवले नाही, इतकेच.

आपल्या सांगण्यावरून एकच नमुना दोन नळ्यांत विभागला: एकीत ईडीटीए, दुसरीत सेरीन गटातल्या विकरांना रोखणारे पीएमएसएफ, तेही ऐनवेळी घातलेले, कारण ते पाण्यात फार काळ टिकत नाही. दुसऱ्या नळीच्या रांगेत ३३ किलोडाल्टनच्या (प्रथिनाचे वस्तुमान मोजण्याचे एकक) आसपास पीएसएचा जाड पट्टा आला, त्याच्या वर ५० च्या जवळ ॲसिड फॉस्फटेज, आणि पार खाली ९४ अमिनो आम्लांचे ते चिमुकले मायक्रोसेमिनोप्रोटीन, अशी प्रोस्टेटचीच आणखी दोन प्रथिने. पहिल्या रांगेत तोच जुना फराटा.

"प्रोस्टेटसाठी नाही" ही आपल्या अक्षरातली चिठ्ठी अजून त्या बाटलीवर आहे. परवा एका नव्या विद्यार्थिनीने तिचे कारण विचारले, तेव्हा मी तिला उत्तर न देता दोन नळ्या दिल्या.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी