शिफ्ट सुटते तेव्हा रस्ता मोजा

महोदय,

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते. हेल्मेट, सीटबेल्ट, शपथ, फलक सगळे यथासांग होते. यंत्रमागावरचा कामगार डबा सायकलच्या कॅरियरला लावून त्या फलकाखालूनच कामावर जातो. त्याच्यासाठी तो रस्ता किती धोक्याचा आहे, हे ठरवण्याची आपली पद्धतच अपुरी आहे, एवढेच मला मांडायचे आहे.

राष्ट्रीय महामार्गांवरील अपघातप्रवण ठिकाणांसाठी केंद्राचा निकष असा: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. म्हणजे आधी माणसे पडायची, मग ठिकाणाला नाव मिळायचे. त्यातही सायकलवाल्याचे बहुतेक प्रसंग बसत नाहीत. ट्रकने कट मारला, हँडल डगमगले, सायकल साइडपट्टीवरून खडीत गेली, कोपर सोलले, चाक आउट झाले. तो पोलीस ठाण्यात कशाला जाईल? हजेरी बुडते. कागदावर त्या दिवशी काहीच घडलेले नसते.

दुसरी गोम भागाकाराची. सायकलस्वारांचे अपघात घटले असे कोणी सांगितले, तर आधी विचारावे की सायकली किती उरल्या? भीतीपोटी पालकांनी पोरांना रिक्षात बसवले, कामगाराने हप्त्यावर मोटारसायकल घेतली, की अपघात घटणारच. याला रस्ता सुधारला म्हणायचे का? २०११ च्या जनगणनेत कामावर कशाने जाता हे विचारले होते आणि त्यात सायकलचा पर्याय होता. पण तो आकडा जुना झाला, शिवाय कोणता रस्ता, किती वाजता, हे त्यातून कळत नाही.

आणि सोलापुरात सगळा प्रश्न वेळेचाच आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिफ्ट सुटते तेव्हाचा रस्ता आणि दुपारी दोनचा रस्ता यांत फार फरक आहे. होटगी रोडला गाळप हंगामात जाऊन पाहावे. उसाचा ट्रॅक्टर सायकलला ओलांडून जातो, पहिली ट्रॉली जाते, गेली म्हणून सायकलवाला पुन्हा आपल्या रेषेवर येतो आणि तेवढ्यात मागची ट्रॉली झोल खात कडेला सरकते. चालकाला ती नीट दिसतही नसते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला.

वेगाचे तर गणितच आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार पालिका हद्दीत मालवाहू गाडीची कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर. ३० ऐवजी ६० ने आलेल्या त्याच गाडीच्या धडकेत ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट असते. मर्यादा कमी करण्याचा अधिकार राज्याला आहे. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सोडावेच लागते. आपल्याकडे दीड मीटर म्हटले तर लोक हसतील, कारण तेवढ्या जागेत आपण टेम्पो उभा करतो! म्हणूनच कडेला नुसता पांढरा पट्टा ओढून सायकल ट्रॅक केला म्हणण्यावर माझा विश्वास नाही.

महापालिका आणि वाहतूक शाखेला विनंती आहे की हंगाम सुरू होण्याआधी या दोन रस्त्यांवर शिफ्टच्या वेळी सायकली मोजाव्यात, गाड्यांचा वेग स्पीडगनने आणि ओलांडतानाचे अंतर कॅमेऱ्यावरून टिपावे. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यार्थ्यांना हा प्रकल्प म्हणून देता येईल. गेटवर उभे राहून थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांबद्दल कामगारांनाही विचारावे. त्यांना खड्डा कुठे आहे आणि गाडी कुठे दाबते हे तोंडपाठ असते. हे होईपर्यंत निदान जड वाहनांच्या प्रवेशबंदीच्या वेळा आणि कारखान्यांच्या शिफ्टच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्याला निविदा लागत नाही.

– एक सायकलस्वार वाचक, साखर पेठ, सोलापूर