भिंतसुद्धा बागेचाच भाग असते

मा. संपादक,

2025 च्या सुरुवातीला चंदीगडच्या रॉक गार्डनची थोडी भिंत रस्ता रुंद करायला आणि हायकोर्टाच्या पार्किंगसाठी पाडली, तेव्हा बरेच जण म्हणाले, आतल्या मूर्तींना तर हात नाही लावला, मग एवढा आरडाओरडा कशाला. मला हे अजिबात पटत नाही. नेकचंद सैनी हे साधे रोड इन्स्पेक्टर, त्यांनी 1957 च्या आसपास फुटक्या बांगड्या, कपबश्या, टाइल्स असं भंगार जमवून जंगलात गुपचूप काम सुरू केलं, सरकारी जमीन होती, पत्ता लागला तेव्हाच सगळं पाडता आलं असतं, पण ते राखलं आणि 1976 ला लोकांसाठी खुलं झालं. तिथे बुटक्या दारातून वाकून जावं लागतं, दोन्ही बाजूंना भिंत, आणि मग एकदम पुढचं अंगण उघडतं. मग भिंत वेगळी आणि कला वेगळी कशी काय?

लॉस एंजेलिसचे वॉट्स टॉवर्स, म्हणजे फुटक्या लाद्या आणि काचांनी मढवलेले उंच मनोरे, सायमन रोडियाने 33 वर्षं एकट्याने बांधले, तेही धोकादायक ठरवून पाडणार होते. लोकांनी तपासणीचा हट्ट धरला, 1959 मध्ये 10,000 पौंडांचा जोर लावून बघितला तरी मनोरे पडले नाहीत, म्हणून आज उभे आहेत.

आपल्याकडे असा हट्ट कोण धरणार? लालबागला आमच्या चाळीमागे गिरणी बंद पडल्यावर एका काकांनी अशीच बाग केली, पूर्वी तिथे नुसता कचरा पडायचा. कुंड्यांना फुटक्या लाद्यांचे तुकडे, कठड्यात गिरणीतले धोटे (मागावर आडवा धागा नेणारे) बसवलेले, आणि एक मोर, त्याचा पिसारा सगळा कपांच्या कानांचा आणि डोळे गोटी सोड्याच्या गोट्यांचे. काका आता नाहीत. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, ॲग्रीमेंटमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डर देतो तो निधी), भाडं, पार्किंग सगळं आहे, बागेबद्दल एक ओळ नाही. विचारलं तर उत्तर मिळालं की नवीन बिल्डिंगला पोडियम गार्डन, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरची बाग, आहेच ना! अहो, ते कोणीही विकत घेऊ शकतं.

मला घर नको असं नाही, 180 फुटांच्या खोलीत आयुष्य गेलंय, नवीन घर हवंच आहे. पण पाडकामाआधी जशी झाडांची मोजणी होते तशी अशा हाताने केलेल्या कामांचीही नोंद पालिकेने सक्तीची करावी, फोटो काढावेत, आणि जे हलवता येतं ते हलवायचा खर्च बिल्डरवर टाकावा. आणि सिमेंटमध्ये बसवलेलं असं काम न तोडता कसं काढायचं हे तुमच्या वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर प्लीज लिहून कळवा, आम्हाला पावसाळ्याआधी जागा रिकामी करायची आहे.

– एक रहिवासी, लालबाग, मुंबई